सटवाईचा झरोका

राजगडाच्या पायथ्याशी पाली आणि आसपासच्या वाड्यांत जुनी मातीची घरं अजून चार-दोन उभी आहेत. त्यांच्या आतल्या खोलीच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, ओंजळभर रुंदीचं एक भोक असतं. त्याला ना गज, ना झडप. पाहुण्यानं विचारलं की घरातली म्हातारी सांगते, "सटवाईची वाट हाय ती. पाचवीला देवी हितनं येती आन् बाळाच्या कपाळावर ल्हिती." पाहुणा शिकलेला असेल तर गालात हसतो, भाविक असेल तर हात जोडतो, आणि दोघंही चुकतात. ही वाट सटवाईनं कधी मागितली नव्हती. ती उघडी ठेवायला लावली सगुणाबाई नावाच्या एका सुइणीनं. तिचा फोटो कुठं नाही, तिच्या नावाची पाटी कुठं नाही. पण त्या मुलखातली कितीतरी माणसं आज धडधाकट श्वास घेतात ती तिच्यामुळं. तेव्हा देवीच्या आधी थोडं तिच्याबद्दल.

सगुणाबाईचं माहेर नीरेच्या काठचं, भोरच्या अलीकडचं. बाप पावसाळ्यात नाव चालवायचा. एका खेपेत आख्खं वऱ्हाड, दोन शेरडं आणि कुणाचा तरी रुसलेला जावई पलीकडे न्यायचा, आणि येताना तिकडची माणसं भरून आणायचा. रिकामी नाव हाकणं त्याला पाप वाटे. पोरगी धक्क्यावर उभी राहून लांबूनच काठावरच्यांना सांगायची, "नाव भरल्याली येतीया." हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

लग्न होऊन ती पालीला आली. नवरा रखमाजी नाचणी-भाताचा शेतकरी, आणि सासू सुईण. सासूच्या मागं मागं फिरून सगुणाबाई ते काम शिकली. मग एकोणीसशे अठराची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. घरटी एक-दोन माणसं तापानं फणफणली आणि गेली. रखमाजीही गेला. जाताना त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तरी ओठ जांभळे, नखं जांभळी, कानाच्या पाळ्या निळ्या. सगुणाबाई उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. घरात एवढा वारा, बाहेर एवढा वारा, आणि या माणसाला तो पोचत का नाही, हे तिला कळेना. कळलं एवढंच की निळं पडलं की माणूस जातं.

तेव्हापासून तिनं एक सवय लावून घेतली. कुणाच्याही घरी गेली की आधी ओठ बघायचे, मग नखं. नुकतं जन्मलेलं पोर निळसर हातात आलं की ती बोटानं त्याच्या तोंडातला चिकटा काढी, पाठ चोळी, तळव्यांवर टिचक्या मारी. पोर रडलं आणि ओठांवर गुलाबी रंग चढायला लागला की मगच तिचा जीव खाली पडे. "आलं गं बाई, रंगावर आलं!" ही तिची आरोळी बाहेर सोप्यात ऐकू आली की पुरुष माणसं चिलीम पेटवायला मोकळी होत. निळं म्हणजे चाललंय, लाल म्हणजे राहतंय. तिचं सगळं वैद्यक एवढंच होतं. ते खोटं नव्हतं हो. अपुरं होतं. आणि अपुऱ्या ज्ञानावर माणसाचा केवढा भरवसा बसतो, ते तिला तिच्याच घरात दिसायचं होतं.

रखमाजीच्या मागं तिला एकच लेक, रतन. ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली ते नेमकं पौषात. त्या खोऱ्यात पौषातली थंडी हाडं फोडते. सगुणाबाईनं दुसऱ्यांच्या लेकी सोडवल्या होत्या, आता आपलीच. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. गेनबा, म्हणजे सगुणाबाईचा भाऊ, वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावायचा. तो नाचतच आला. पाठीवर पोतं.

"आक्का, भाचीच्या बाळंतपणाला म्या काय सोनं आणत न्हाई. पर ह्यो बग, ऐनाच्या लाकडाचा कोळसा. निवडून आणलाय."

"आरं, इकायचा माल कशाला आनलास?"

"इकून काय गड बांदायचाय व्हय? पोरीच्या डोळ्यात धूर जाऊ नये. तू आन् तुझ्या त्या वल्या गवऱ्या!"

हे बारकाईनं समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. त्या मुलखात कोळसा पाडणारे पुष्कळ होते, पण तो घरात जाळायचा कुणी नाही. तो पुण्याच्या बाजारात जायचा. घरोघरी जळायच्या त्या गवऱ्या आणि काटक्या. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकाला आगटी ठेवायची ती त्यांचीच. तिचा धूर असा, की दर घटकेला कुणीतरी खोकत उठे आणि दार उघडून "आगं मेले मी" करत बाहेर पडे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोली कितीही कोंडली तरी धूर ती कोंडू देत नसे. गेनबाच्या कोळशाला धूर नव्हता. सुंदर, लाल, शांत निखारे. त्यामुळं सगुणाबाईनं पहिल्यांदाच आपल्या मनाजोगी खोली बंद केली. झरोक्यात चिंध्या कोंबल्या, वरून शेणकाला लिंपला. उंबऱ्याखालच्या फटीला गोणपाट लावलं. दाराला आतून घोंगडी. रतनच्या कानात कापूस, डोक्याला फडकं. आणि बाजेखाली घमेलं भरून निखारे.

शेजारची धोंडाबाई बघायला आली. ती सगुणाबाईची चुलत जाऊ. दोघींचं सख्य मोठं, आणि टोमणे त्याहून मोठे.

"सगुणे, राणीचं बाळंतपण चाललंय की! धूर न्हाई, ठसका न्हाई. माझ्या सुनंला पुढल्या म्हयन्यात असंच करणार मी. गेनबाला सांग, माझं पोतं राखून ठेव मनावं."

"घे की. पर तुला निखारं फुकायचं कष्ट न्हाईत म्हणून आदी तूच झोपशील."

दुसऱ्या दिवशी रतन म्हणाली, "आये, डोकं ठणकतंय गं." सगुणाबाई म्हणाली, "वारं बाधलं असंल," आणि दाराची घोंगडी अजून ओढून घेतली. रतनला मळमळायला लागलं. "ओवा जास्त झाला असंल." मग ती सारखी झोपायला लागली. "वली बाळंतीण. झोपायचीच." आईच्या मनात शंका आली नाही असं नाही, पण शंका आली की ती लेकीचे ओठ बघे. ओठ लाल होते. गाल तर असे की धोंडाबाई दारातूनच म्हणाली, "आगं, पोर कशी डाळिंबाच्या फुलावाणी दिसतीया! दिष्ट काढ आदी, माझीच लागंल." सगुणाबाईनं मीठ-मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांच्या त्या खाटानं तिघी बाळाला उचलून खोकत सोप्यात पळाल्या आणि दार बराच वेळ उघडं राहिलं. त्या दिवशी रतन तेवढ्यानंच तगली असावी. पुढं हे कळलं तेव्हा धोंडाबाई कित्येक दिवस सांगत हिंडत होती, "माझी दिष्ट लागली म्हून पोर जगली."

पाचवी अजून व्हायची होती. त्या सकाळी सगुणाबाई पोरीला न्हाऊ घालायला मागल्या दारी घेऊन बसली. स्वतःचंही डोकं जड झालं होतं, पाय लटपटत होते. न्हाणं उरकेपर्यंत जरा हुशारी वाटली. आत जाऊन आली, पुन्हा डोकं भणभणलं. रतन काही जागी झाली नाही. हाक मारली तर "अं" केलं, आणि पुन्हा डोळे मिटले. त्याच दिवशी भोरहून सरोजताई चावडीत मुलांना देवी टोचायला आल्या होत्या. मुंबईला डॉक्टरकी शिकून आलेली भोरची मुलगी, बैलगाडीतून हाडं खिळखिळी करून घेत वेल्हे मुलखात फिरायची. गावच्या बाया पोरं लपवायच्या आणि सरोजताई ती कणगीमागून ओढून काढायच्या. सगुणाबाई नातीला दुपट्यात गुंडाळून चावडीवर गेली.

"डाक्तरीणबाई, एक पुडी द्या डोकेदुखीची. मला बी आन् लेकीला बी. वारं बादलंय."

"कधीपासून?"

"परवाधरनं. पर नवाल बगा, भाईर आलं की माजं डोकं हालकं हुतं. आत गेलं की पुन्यांदा जड."

सरोजताईंनी हातातलं पोर त्याच्या आईकडे दिलं. "आत काय आहे?"

"काय न्हाई. कोंदट न्हाई, धूर न्हाई. भावानं चांगला कोळसा दिलाय, शेकाला."

"खोली बंद?"

"मुंगी शिरायची न्हाई," सगुणाबाई अभिमानानं म्हणाली.

सरोजताई सुई तिथंच टाकून पळत सुटल्या. नऊवारी खोचलेली डॉक्टरीण भर गावातून धावतेय हे पालीनं पहिल्यांदा पाहिलं. मागून सगुणाबाई, कडेवर नात, तिच्यामागं निम्मं गाव. घरात शिरताच सरोजताईंनी घोंगडी फाडून काढली, दार सताड उघडलं, पेटत्या निखाऱ्यांचं घमेलं पदरानं धरून अंगणात भिरकावलं आणि ओरडल्या, "बाज उचला! बाहेर आणा हिला!"

मग मात्र सगुणाबाई दारात आडवी झाली. ओली बाळंतीण, पौषाचा वारा, आणि चारचौघांसमोर उघड्या अंगणात? तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं असं कधी ऐकलं नव्हतं. "बाई, वाऱ्यानं मरंल माजी पोर! बगा तरी तिच्याकडं, लालबुंद हाय. मराया टेकल्यालं मानूस निळं पडतं. म्या नवरा बघितलाय जाताना!"

"ती लाल आहे म्हणूनच मी भ्यायलेय," सरोजताई म्हणाल्या. "सगुणाबाई, तुमचं डोकं बाहेर आल्यावर हलकं होत होतं ना? मग तिला का नाही बाहेर आणायचं?"

सगुणाबाईनं क्षणभर लेकीच्या त्या सुंदर लाल ओठांकडं पाहिलं. तिचा सगळा अनुभव सांगत होता, ठीक आहे. तिचं स्वतःचं ठणकणारं डोकं सांगत होतं, नाही. ती दारातून बाजूला झाली आणि बाजेचा उशाकडचा पाय तिनंच धरला. दुसरा गेनबानं. त्याचा चेहरा त्याच्या कोळशासारखा झाला होता.

बाज अंगणात उन्हात ठेवली. वर राजगड, खाली गुंजवणीचं खोरं, आणि मधून वारा येत होता. सरोजताईंनी रतनचं डोक्याचं फडकं सोडलं, मान कलती केली, हातपाय चोळायला लावले, अंगावर दोन वाकळा टाकल्या आणि तोंड मात्र उघडं ठेवलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात अशा वेळी प्राणवायूची लोखंडी नळकांडी लावतात. इथं नळकांडं कुठलं? गडावरून येत होता तेवढाच. पण तो भरपूर होता, आणि फुकट होता.

धोंडाबाई रडत होती, आणि रडता रडता लोकांना मागं हटवत होती. "सरा की रं! तुमीच सगळा वारा खाताय!"

ऊन माथ्यावर आलं तेव्हा रतननं डोळे उघडले. आजूबाजूला एवढी माणसं बघून तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर डोक्यावरचा पदर शोधला. मग म्हणाली, "आये, मी भाईर कशी? आन् पोरगी कुठंय?" पोरगी आजीच्या मांडीवर गाव डोक्यावर घेत होती. ती रोज बराच वेळ मागल्या दारी न्हाणीवर असे, म्हणून तिला झळ कमी बसली होती. सगुणाबाईनं तिला रतनच्या छातीशी दिलं, आणि स्वतः तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसली. ती रडली नाही. तिनं एक मोठा श्वास घेतला, पाण्याचा घोट घ्यावा तसा, आणि सोडला. मग पुन्हा घेतला.

संध्याकाळी गाडी जुंपेपर्यंत सरोजताई थांबल्या. सगुणाबाईनं त्यांना पेज दिली आणि समोर बसली. "आता सांगा. लाल हुती, मंग मरत का हुती?"

सरोजताईंना माहीत होतं की हिचं माहेर नीरेकाठचं. त्या म्हणाल्या, "तुमचे वडील नाव चालवायचे ना? तशा तुमच्या अंगात कोट्यवधी नावा आहेत. रक्तात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. आपण श्वास घेतला की हवेतला प्राणवायू छातीत येतो. छाती म्हणजे अलीकडचा धक्का. तिथं तो नावेत चढतो. त्या नावेत लोखंडाचा अंश असतो, तो त्याला धरून ठेवतो. मग हृदय पंपासारखं ढकलतं आणि नाव निघते. डोक्यात, हातात, पायाच्या अंगठ्यापर्यंत. तिथं उतरायचं. प्राणवायू उतरला की नाव परत. रक्ताचा ओहोळ तिकडचा निरुपयोगी वायूही सोबत आणतो, तो आपण उच्छ्वासातून टाकतो. प्राणवायू भरलेली नाव लालभडक. उतरवून आलेली काळपट."

"मंजे माझ्या मालकांच्या नावा रिकाम्याच फिरत हुत्या."

"बरोबर. छातीत पाणी झालं होतं, धक्काच बुडाला होता. उतारू चढणार कुठून? म्हणून निळे."

सगुणाबाईच्या डोक्यात चौदा वर्षं अडकलेला वारा तेव्हा कुठं मोकळा झाला. मग ती म्हणाली, "आन् रतनच्या?"

"कोंडलेल्या खोलीत कोळसा धुमसला की त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो नावेत प्राणवायूच्या आधी चढतो, आणि एकदा चढला की लवकर उतरत नाही. नाव धक्क्याला लागते, पण उतरायला कुणी नाही. डोकं उपाशी, हातपाय उपाशी. आणि वर फसवणूक अशी, की तो वायू बसला तरी रक्त लालच दिसतं."

सगुणाबाईनं मांडीवर थाप मारली. "कळ्ळं! लांबनं बघणाऱ्याला वाटतं नाव भरल्याली येतीया, वऱ्हाड आलं. काठावरली मंडळी हार घिऊन उभी. आन् नावंत बसल्यात भलतंच दरोडेखोर!"

"अगदी तसंच. मोकळ्या हवेत खूप वेळ राहिलं की ते हळूहळू उतरतात."

डॉक्टरकीच्या परीक्षेत हे याहून अवघड शब्दांत लिहावं लागतं. त्या नावेला हिमोग्लोबिन म्हणतात आणि त्या दरोडेखोराला कार्बन मोनॉक्साइड. पण सरोजताई पुढं म्हणायच्या की ही गोष्ट आपल्याला खरी समजली ती पालीच्या अंगणात, पेजेची वाटी हातात घेऊन.

आता कुणाला वाटेल, झालं, लेक वाचली, संपली गोष्ट. पण सगुणाबाईच्या घरचं बाळंतपण कोळशावर झालं ही बातमी गावात आधीच पसरली होती, आणि ती मोठेपणाची झाली होती. धोंडाबाईच्या सुनेचे दिवस भरत आले. गेनबानं पोतं द्यायला साफ नकार दिला, तर धोंडाबाईनं दुसऱ्या भट्टीवरून आणवलं. झरोका बुजवायला काढला. सरोजताई रतनला तपासायला पुन्हा आल्या, तेव्हा त्यांनी धोंडाबाईला सगळं समजावलं. वायू, रक्त, नावा.

"बाई," धोंडाबाई म्हणाली, "रतनीला वारं बादलं हुतं, उनात टाकल्यावर उतरलं. मला नावा-बिवा सांगू नगा. माज्या घरात पावसाळ्यात बी कदी नाव आली न्हाई. तो वायू दाखवा, मी हात जोडते."

"तो दिसत नाही हो!"

"मंग म्या त्याला भ्यायचं कशाला?"

सरोजताई चिडून निघाल्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "सगुणाबाई, तुमच्या जावेचं डोकं दगडाचं आहे. आता तुम्हीच बघा."

सगुणाबाईला राग आला नाही. आपली लेक पदरात परत पडली आहे, हे तिच्या डोक्यातून एक घटकाभर जात नव्हतं. ज्याला असं दान मिळालं त्यानं हात झटकून बसायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिश्रीची डबी घेऊन ती धोंडाबाईकडं गेली. धोंडाबाई हाताला शेणकाला लावून झरोका लिंपत होती. सगुणाबाई निवांत बसली, दात घासले, आणि सहज विचारल्यागत म्हणाली,

"जाऊबाई, पाचवीला पाटा कुठं मांडणार?"

"हितंच, बाजंपाशी. का गं?"

"आन् सटवाई यायची कुठनं?"

धोंडाबाईचा हात थांबला. "मंजी?"

"दार लावल्यालं, फट बुजवल्याली, झरोका तू लिंपतीयास."

"देवीला दार लागतं व्हय? ती कुठनंबी यील."

"यील की. तिला कोन आडीवतंय? भिताड फोडून यील. पर घरच्यांनी तोंडावर दार लावलं म्हून रागं रागं आली, तर नातवाच्या कपाळावर काय ल्हील, ते तूच बग."

सगुणाबाईनं डबी बंद केली. "माजं काय झालं ते बघितलंस. म्या झरोका बुजवला. पाचवी व्हायच्या आदीच पोर दारात आणून टाकावी लागली."

हे शेवटचं वाक्य शब्दाशब्दानं खरं होतं, हे मान्य करायला हवं.

धोंडाबाईनं खुरपं उचललं आणि ओला शेणकाला खरवडून काढला. चिंध्या ओढल्या. उजेडाची एक पट्टी खोलीत आली. उंबऱ्याजवळच्या गोणपाटाकडं बघून तिनं विचारलं, "आन् हे?"

"आली वरनं, तर जायाची कुठनं? आल्या वाटंनं देव माघारी जात न्हाई."

गोणपाटही निघालं. माघातली थंडी होती म्हणून सुनेला आणखी एक वाकळ दिली. नातू झाला, बाळंतीण उठून बसली, डोकं कुणाचं दुखलं नाही. पाचवीला धोंडाबाईनं झरोक्याखाली हळदीकुंकू वाहिलं, देवीला लुगडं नेसवलं आणि गावभर सांगितलं, सटवाईला वाट ठेवावी लागते.

पुढल्या फेरीला सरोजताईंनी हे ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सगुणाबाई, मी इथं खुळ्या समजुती घालवायला येते. तुम्ही नवी काढलीत?"

"डाक्तरीणबाई, तुमची नाव मला तरी कुठं दिसली? तुमी माजी लेक उठवलीत, म्हून म्या तुमच्या शब्दावर बसले. जाऊबाई देवीच्या शब्दावर बसती. झरोक्यातनं येणारा वारा त्योच हाय की."

सरोजताईंना हसू आवरेना. पण त्याही काही कमी नव्हत्या. "ठीक. मग नाळ कापायचं पातं आणि दोरा मात्र माझ्या शब्दावर उकळायचा. तिथं देवी आणायची नाही." सगुणाबाईनं ते जन्मभर पाळलं. चुलीवर भांडं ठेवल्याशिवाय तिनं पुन्हा कधी पात्याला हात लावला नाही. दोघींचा हा करार त्या खोऱ्यात पुष्कळ वर्षं चालला. पालीच्या लेकी जिथं जिथं नांदायला गेल्या तिथं झरोका गेला. वेल्ह्याच्या बाजारात बाया एकमेकींना विचारायच्या, "तुमच्यात वाट ठिवत्यात का न्हाई?" श्रेय देवीला जायचं. सगुणाबाईला त्याचं काही वाटलं नाही. रोज सकाळी दूध काढून झालं की ती अंगणात, जिथं त्या दिवशी बाज ठेवली होती तिथं, क्षणभर उभी राही आणि तो पाण्याच्या घोटासारखा श्वास घेई. तिची पूजा म्हणाल तर ती तेवढीच.

वर्षं गेली. अंगणात भोकाड पसरणारी ती नात, अंबू, मोठी झाली, गावच्या शाळेत चौथी झाली, लग्न झालं. स्वातंत्र्य आलं, भोर संस्थान विलीन झालं, आणि त्याच सुमाराला, पुन्हा एका हिवाळ्यात, अंबू आजीच्या घरी बाळंत झाली. सगुणाबाईला आता नीट दिसत नव्हतं. पोर रतननं सोडवलं. म्हातारी फक्त उशाशी बसली, आणि रडणं ऐकून रतननं "रंगावर आलं" म्हटलं तेव्हा मान हलवली.

दोन दिवसांनी धोंडाबाई काठी टेकत बघायला आली, तर आत आजी-नातीची जुंपलेली. "आजे, थंडी वाजतीया मला," अंबू म्हणत होती. "म्हून वाकळ कोंबली झरोक्यात. सटवाई-बिटवाई काय नसतं. आमच्या मास्तरांनी सांगितलंय."

बाजेखाली घमेलं होतं. निखारे कोळशाचे होते, कारण आता कोळसा घरोघरी जळत होता.

सगुणाबाई उठली. चाचपडत भिंतीपाशी गेली, झरोक्यावर तळहात ठेवला. वारा नव्हता. आयुष्यभर जिनं देवीचं नाव पुढं करून माणसं जगवली, तिच्यासमोर आता देवीला न मानणारी पोर होती, आणि ती पोर खोटं बोलत नव्हती. सगुणाबाईनं वाकळ ओढून काढली, खाली बसली आणि म्हणाली, "मास्तर खरं बोलतोय. सटवाई हितनं येत न्हाई."

धोंडाबाईचं तोंड उघडंच राहिलं.

मग सगुणाबाईनं अंबूला नावेची गोष्ट सांगितली. नीरेची नाव, छातीचा धक्का, लोखंडाचा अंश, भलते उतारू. लाल ओठांची तिची आई, तिथं अंगणात. "आन् माज्या मांडीवर बोंबलत हुती ती तू. तुज्या आईच्या नावा परत भरल्या म्हून तुला दूध मिळालं. देवी मान, नगं मानू. पर नाव रिकामी सोडू नगंस."

अंबूनं पायानंच बाजेखालचं घमेलं दाराकडं सरकवलं आणि वाकळ स्वतःभोवती घेतली.

धोंडाबाई मात्र काठी आपटून म्हणाली, "सगुणे! मंजी तवा मला फशीवलंस?"

"व्हय, जाऊबाई."

"म्या देवीला लुगडं नेसवलं हुतं! चांगलं इरकली!"

"ठावं हाय."

धोंडाबाईनं थोडा विचार केला. बाहेर तिचा तो नातू गुरं हाकत चालला होता, त्याचं हाळी देणं ऐकू येत होतं. चांगली दणकट, लांबवर पोचणारी हाळी. छाती भरून घेतल्याशिवाय तशी निघत नाही. म्हातारीनं ती पुरती ऐकून घेतली.

"मंग ते लुगडं तुलाच नेसवायचं हुतं की गं," ती हळू आवाजात म्हणाली.

"आजून येळ गेल्याली न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

दोघी म्हाताऱ्या हसल्या, हसता हसता खोकल्या. मग सगुणाबाई पुन्हा उठली आणि तिनं झरोक्यावर तळहात धरला. गडावरचा गार वारा बोटांमधून खोलीत शिरत होता. खात्री झाल्यावरच तिनं हात काढला.